काविळीत उसाचा रस द्यावा का?

ताई, मिस्टरांना कावीळ झालीय, घरचे म्हणतायत रोज दोन ग्लास उसाचा रस पाजा, आणि तुम्ही विचारताय ऊस खरंच औषध आहे का नुसतंच ऐकीव. ऐकीव नाहीये. चरक, सुश्रुत, वाग्भट या आयुर्वेदाच्या तिन्ही जुन्या आचार्यांनी आपापल्या ग्रंथांत उसावर वेगळं लिहिलंय, सुश्रुतांनी तर उसाच्या १२ जाती सांगितल्यात, आणि ऊस थंड, बळ देणारा, लघवी साफ करणारा म्हटलाय. कुश, काश, नळ, दर्भ आणि ऊस यांची मुळं म्हणजे तृणपंचमूळ, लघवीला जळजळ होत असेल तर वैद्य आजही देतात.

पण त्याच ग्रंथांनी चावून खाल्लेला ऊस आणि यंत्राचा रस वेगळे धरलेत हे कोणी सांगत नाही. चावलेला चांगला, यंत्राचा मात्र विदाही, म्हणजे पोटात आग करणारा. वाग्भटांनी कारणही दिलंय आणि ते वाचून मला अजूनही भारी वाटतं: बुडखा, शेंडा, किडकी पेरं सगळं एकत्र पिळलं जातं, घाण मिसळते आणि रस तसाच पडून राहतो म्हणून बिघडतो. तुम्ही पेल्यात रस ठेवून बघा, हिरवट रंग जाऊन थोड्याच वेळात काळपट होतो, ते उसातल्याच एन्झाइममुळे हवा लागून होतं, आणि एवढ्या गोड रसात जंतू वाढायला वेळ लागत नाही.

आता काविळीचं. हिपॅटायटिस ए आणि ई हे लिव्हरला सूज आणून कावीळ करणारे विषाणू दूषित पाण्यातून पसरतात, त्यामुळे बाहेरच्या रसातला बर्फ आणि नीट न धुतलेला पेला हीच खरी भीती आहे, ज्याच्यासाठी रस आणायचा तोच आजार त्यातून येऊ शकतो. रसाने लिव्हरची सूज उतरते असं काही नाही, अन्न जात नसेल तर साखर आणि पाणी मिळतं एवढंच, आणि हिपॅटायटिस ए बहुतेक वेळा आराम करून आपला आपण बरा होतो म्हणून श्रेय रसाला जातं! कावीळ पित्तनळीतल्या खड्यामुळे असेल तर मात्र रसावर दिवस काढणं महागात पडेल, म्हणून आधी रक्त तपासा आणि डॉक्टर म्हणाले तर सोनोग्राफी.

द्यायचाच असेल तर ऊस धुवून, सोलून, घरीच करवे करून चघळायला द्या. कापल्यावर आत लाल पट्टे दिसले किंवा आंबूस वास आला तर तो ऊस सरळ टाकून द्या.

शुगर आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये, असेल तर रस नकोच, एका मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर जाते. आणि गुंगी आली, असंबद्ध बोलायला लागले, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त आलं तर लगेच हॉस्पिटल गाठा, इथे उत्तराची वाट बघू नका.