वाचकांचे प्रश्न : पोर्तुगालमध्ये काय पाहावे?

प्रश्न : आम्ही वसईचे सेवानिवृत्त पती-पत्नी ऑक्टोबरमध्ये युरोपला जाण्याच्या विचारात आहोत. येथील किल्ल्यातली पडकी चर्चे लहानपणापासून पाहत आल्यामुळे पोर्तुगाल पाहण्याची जुनी इच्छा आहे. सहल कंपनीने मात्र आठ दिवसांत स्पेन व पोर्तुगाल बसवून लिस्बनला एकच दिवस ठेवला आहे. तो पुरेल का? इतिहासाच्या दृष्टीने कोणती स्थळे चुकवू नयेत?

उत्तर : पुरणार नाही. एका दिवसात बसच्या खिडकीतून मनोरा, पुतळा आणि पूल दाखवून मंडळींना पुढे नेले जाते. आमचा सल्ला असा की, स्पेन पुढच्या खेपेसाठी ठेवावा आणि आठही दिवस पोर्तुगालला द्यावेत.

सुरुवात लिस्बनच्या पश्चिमेकडील बेलेम भागापासून करावी. तेजो नदीच्या काठावरचा बेलेम मनोरा 1514 च्या सुमारास बांधायला घेतला गेला. त्याच सुमारास गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला, त्याने तो आपल्या राजाकडे, मॅन्युएलकडे, रवाना केला आणि मे 1515 मध्ये हे जनावर लिस्बनच्या धक्क्यावर उतरले. मनोऱ्याच्या कोपऱ्यातील एका छोट्या बुरुजीच्या तळाशी गेंड्याचे मुंडके कोरलेले आहे. खाऱ्या वाऱ्याने ते बरेच झिजले आहे, त्यामुळे ते शोधावे लागते. मात्र ते बाहेरच्या अंगाला असल्याने डागडुजीसाठी मनोरा बंद असला तरी अडत नाही. आपण वसईचे, म्हणून एवढे सांगायला हवे की, याच मुझफ्फरशहाचा मुलगा बहादूरशहा याने पुढे 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली.

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर जेरोनिमोस मठ आहे. 16 व्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या बांधकामाचा खर्च मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर बसवलेल्या सुमारे 5 टक्के करातून भागवला गेला. म्हणजे पूर्वेकडच्या व्यापाराचा पैसा या दगडात मुरलेला आहे. पिळाचे दोरखंड, पोवळी आणि जहाजांवरची उपकरणे खांबा-कमानींवर कोरण्याची जी शैली राजाच्या नावावरून मॅन्युएलाईन म्हणून ओळखली जाते, ती येथील दुमजली चौकात निवांत पाहता येते. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी लागते. त्याचा मृत्यू 1524 मध्ये कोचीत झाला आणि त्याचे म्हणून मानले जाणारे अवशेष 1880 मध्ये येथे आणले गेले. बहुतेक पर्यटक तेथूनच मागे फिरतात; आपण मात्र मुख्य वेदीपर्यंत जावे, कारण तेथे मॅन्युएल आणि त्याच्या वंशजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. मठ सोमवारी बंद असतो, हे तिकिटे काढण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

नदीकाठी दर्यावर्दींचे भव्य स्मारक आहे, ते जुने समजू नये. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत 1960 मध्ये ते दगडात उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला. त्या पार्श्वभूमीवर पाहिले तर ते शिल्प अधिक बोलके वाटते, एरवी दहा मिनिटे पुष्कळ झाली.

शहराच्या मध्यभागी कार्मो मठाचे बिनछपराचे चर्च अवश्य पाहावे. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी झालेला भूकंप, पाठोपाठ आलेल्या समुद्राच्या लाटा आणि लागलेल्या आगी यांत लिस्बनचा मोठा भाग नष्ट झाला; त्यात कोसळलेले हे छप्पर पुन्हा पूर्ण केले गेले नाही. वसईच्या किल्ल्यात वाढलेल्या माणसाला उघड्या आभाळाखालच्या या कमानी परक्या वाटणार नाहीत. उतारावरून खाली आल्यावर दिसणारी सरळ रेषेतली पेठ भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोम्बाल याच्या देखरेखीखाली वसवली गेली आणि तिथल्या घरांच्या भिंतींत हादरे सोसण्यासाठी लाकडी सांगाडे बसवले गेले. मुंबई ज्या राजकन्येच्या आंदणात इंग्रजांकडे गेली, त्या कॅथरिनची समाधी याच शहरातील साओ विसेंते मठात आहे.

लिस्बनबाहेर सर्वजण सिंत्र्याला जातात. तिथला पेना राजवाडा रंगीत आणि देखणा आहे. परंतु तो 19 व्या शतकातला असून गर्दी फार असते. एकच ठिकाण निवडायचे असेल तर आम्ही तोमार सुचवू. रेल्वेने सुमारे दोन तासांवर असलेल्या या गावातील टेकडीवर टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाने 12 व्या शतकात किल्ला आणि वर्तुळाकार चर्च बांधले. पुढे ही जागा ‘ख्रिस्त संघ’ या धर्मयोद्ध्यांच्या ज्या संघटनेकडे आली, तिचाच लाल क्रूस द गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता. येथील मठाच्या पश्चिम भिंतीवरील खिडकी हा मॅन्युएलाईन कोरीवकामाचा कळस मानला जातो. ती नीट पाहायला खालच्या चौकाच्या गच्चीवर उभे राहावे. टेकडीची चढण गुडघ्यांना जाणवते, तेव्हा वर जाताना टॅक्सी करणे शहाणपणाचे.

प्रश्न : आम्ही पणजीचे आहोत. लिस्बनखेरीज पोर्तोला जाण्यासारखे काही आहे का?

उत्तर : आहे, आणि आपल्याला तर रेल्वे स्थानकातच थांबावे लागेल. साओ बेंतो स्थानकाच्या दालनात सुमारे 20,000 निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर पोर्तुगालच्या इतिहासातील प्रसंग रंगवलेले आहेत. ते काम जोर्ज कोलासो या चित्रकाराचे असून पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातील टाइल्सही त्याच्याच हातच्या आहेत. लिस्बनहून येणाऱ्या जलद गाड्या कांपान्या स्थानकावर थांबतात. तेथून साओ बेंतोसाठी स्थानिक गाडी घ्यावी लागते.