मोटर एका वेगात, मग धागा जाड-बारीक का?

पत्र : आमचे इचलकरंजीत माग आहेत, खर्चीवर चालवतो. मुलीला सीईटीत ८९ पर्सेंटाईल पडले. चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणार नाही, म्हणून एक वर्ष रिपीट करायचं ठरवलंय, क्लासही बघून ठेवलाय. पण पॉलिस्टर धाग्याचा एक कारखाना बघून आल्यापासून तिने धाग्याचं खूळ घेतलंय. विचारते, मोटर एकाच वेगात फिरते तरी धागा कुठे जाड, कुठे बारीक कसा येतो? असल्या प्रश्नांनी पोट भरतं का? सध्या घरात कुणाशी धड बोलत नाही. तुम्ही तिला समजवा.
– एक पालक

स.न.वि.वि.

तिला समजवायचं काही मला दिसत नाही. जे सांगायचं ते तुम्हालाच सांगतो.

८९ पर्सेंटाईलची मला चिंता नाही. ‘ठरवलंय’ या शब्दाची आहे. कोणी ठरवलं? क्लास तुम्ही बघितलात, शाखा तुम्ही निवडलीत. अख्ख्या पत्रात तिचं म्हणून एकच वाक्य आहे, तेही ‘खूळ’ या नावाखाली. सतरा-अठरा वर्षांची मुलगी घरात बोलेनाशी झाली, ही पत्राच्या शेवटी जाता जाता सांगायची गोष्ट नव्हे. तिथून पत्र सुरू व्हायला हवं होतं. मनाविरुद्ध रिपीट करणारी मुलं वर्षभर क्लासला जातात, घरी येतात आणि मार्क होते तिथेच राहतात. अशी बरीच बघितली आहेत.

तुमची भीती खोटी नाही. खर्चीवाल्याचं सूत त्याचं नसतं, कापडही त्याचं नसतं. मिळते ती मजुरी, आणि लाईटबिल त्यातूनच जातं. त्या धंद्यात पोरीने येऊ नये असं बापाला वाटणारच. पण ती त्या धंद्यात यायचं म्हणतच नाहीये.

तुमची समजूत अशी दिसते की पॉलिस्टर वितळवायचं, चाळणीसारख्या भोकांतून सोडायचं, की काकवीच्या धारेसारखा धागा आपोआप बारीक होत जातो. यात शिकायचं काय? शिकायचं तेच, जे ती विचारते. सुमारे २८० ते २९० अंशांचा रस भोकातून मिनिटाला काही मीटर या हिशेबाने बाहेर पडतो आणि खाली गुंडाळणारं यंत्र त्याला तीन हजार मीटरच्या वेगाने ओढतं. खाली एखादा बारीक तुकडा पोचला की ताण बदलतो. तो बदल वरपर्यंत जवळजवळ तत्क्षणी लागतो, पण जाडीतला फरक खाली यायला वेळ घेतो. या मागेपुढेपणातून लाट उठते आणि दोन्ही टोकांचे वेग पक्के असूनही धागा ठरावीक अंतराने जाड-बारीक होत राहतो. जपानच्या केस आणि मात्सुओ या संशोधकांनी १९६५ साली या धाग्याची समीकरणं मांडली. पुढे हिशेब निघाला, की साधा द्रव एकाच तापमानाला ओढला तर दोन वेगांचं गुणोत्तर साधारण २०.२ च्या वर गेलं की धागा अस्थिर होतो. कारखान्यात ते शंभराच्या वर असतं! तरी धागा टिकतो, याचं मोठं कारण म्हणजे वाटेतली थंड हवा. ती त्याला घट्ट करत आणते. ही हवाच कमीजास्त लागली, तर तीच धागा बिघडवते. शिवाय स्फटिक, म्हणजे रेणूंच्या साखळ्या शिस्तीत रचून बसलेले भाग, बनण्याचा मुद्दा वेगळा. मिनिटाला तीनेक हजार मीटरला पॉलिस्टरच्या साखळ्या एका दिशेला लागतात, पण स्फटिक फारसे बनत नाहीत. पाच हजारांच्या आसपास मात्र नुसत्या ताणामुळे ते वाटेतच, सेकंदाच्या लहानशा अंशात तयार होऊ लागतात. स्फटिक जास्त असले की धागा रंग कमी पितो. रंगवल्यावर कापडात पट्टे दिसले म्हणून माल परत आल्याचं तुम्हीही पाहिलं असेल. त्या पट्ट्यांचं एक कारण इथे आहे. तुमच्या मुलीने नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

आता थोडं तिच्या विरुद्ध. एका कारखान्याच्या भेटीवर चार वर्षं लावू नयेत. या प्रश्नाचं उत्तर विणकामात नाही. ते उष्णतेच्या, द्रवाच्या आणि ताणाच्या गणितात आहे, आणि तिथे प्रोग्रामिंगही करावंच लागतं. डिफरन्शियल इक्वेशन्सचा कंटाळा असेल, तर तिने आजच सांगावं. आवडत असतील तर टेक्स्टाईलपुरतंही अडकू नये. केमिकल आणि पॉलिमर या शाखा तिच्या प्रश्नाला जास्त जवळच्या आहेत. नोकरीचं सांगायचं तर पाताळगंगा, हजिरा, सिल्वासा इकडच्या कारखान्यांत जावं लागेल, शिफ्ट असेल, सुरुवातीचा पगार चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा कमी असेल. मुलींना प्रॉडक्शनवर न घेता लॅबमध्ये बसवण्याची खोडही काही ठिकाणी आहे. मुलाखतीत तिने ते स्पष्ट विचारावं.

कॅप राऊंडचं, म्हणजे सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांचं, तुम्हाला माहीतच आहे. पुढे एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेला टेक्स्टाईल इंजिनिअरिंग आणि फायबर सायन्सचा स्वतंत्र पेपर असतो, आणि संशोधनाकडे वळली तर पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पॉलिमरवर बरंच काम चालतं. मुंबईच्या आयसीटीचे (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) गेल्या वर्षीचे कटऑफ बघा. नाही जमलं तर तुमच्या गावातच डीकेटीई हे टेक्स्टाईल-इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. मात्र ऑप्शन फॉर्म तिला एकटीला भरू द्या. तिने स्वतःहून कॉम्प्युटर पहिल्या नंबरला टाकलं, तर माझी हरकत नाही.

आणि रिपीटच्या क्लासला ॲडव्हान्स दिला असेल, तर तो परत मिळतो का ते याच आठवड्यात विचारून घ्या.