वेल्सच्या इस्टेटीचं दप्तर आणि आपली कुळं

प्रश्न : नमस्कार ताई. मी तलाठी म्हणून रिटायर झालो, निम्मी नोकरी मंगळवेढा-मोहोळ भागात गेली. माझी नात सध्या वेल्समध्ये ॲबरिस्टविथला एम.ए. करतीय, तिला तिथल्या एका जुन्या जमीनदारी इस्टेटीची खंडाची रजिस्टरं अभ्यासाला दिलीत. पानांचे फोटो पाठवते अन् म्हणते आजोबा, तुम्ही जन्मभर सातबारा बघितला, तुम्हीच सांगा. एकराच्या पुढं दोन रकाने आहेत ते कसले ते कळेना. आणि ती कुळं आपल्या कुळांसारखीच का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काका, नातीनं अगदी बरोबर माणसाला विचारलंय. आधी रकान्यांचं बघू. ते दोन म्हणजे रूड आणि पर्च. १ एकराचे ४ रूड, १ रूडाचे ४० पर्च, म्हणजे एकराला १६० पर्च. आपल्याकडं एकराला ४० गुंठे, तेव्हा ४ पर्च म्हणजे बरोब्बर १ गुंठा आणि १ रूड म्हणजे १० गुंठे. पानावर १२-२-२० असं लिहिलेलं असेल तर ते १२ एकर २५ गुंठे झालं, तुम्ही तोंडी करून टाकाल. फक्त कागद फार जुना, १८व्या शतकातला वगैरे असेल तर जपून, तेव्हा वेल्समध्ये भागाभागात वेगळी मापं चालायची. पैशाचं पण तसंच, २० शिलिंगांचा पौंड आणि १२ पेन्सचा शिलिंग, रुपये-आणे-पै ज्यांनी लिहिलंय त्यांना ते काय अवघड.

आता खंडाचं रजिस्टर. तिथं खंड बहुतेक वर्षातून दोनदा, २५ मार्च आणि २९ सप्टेंबर या तारखांना धरायचे. एका ओळीत कुळाचं नाव, शेताचं नाव, मागची थकबाकी, सहा महिन्यांचा खंड, वसूल किती, सूट किती आणि पुढं ओढलेली बाकी. नातीला सांगा, वसुलीच्या रकान्यावर फार वेळ घालवू नको, थकबाकी आणि सूट एका कुळाची सलग दहा-पंधरा वर्षं खाली खाली वाचत जा. कुठल्या साली सगळ्यांचीच बाकी वाढली, कुठल्या साली मालकानं सरसकट सूट दिली, हे दिसायला लागलं की त्या गावचं वाईट वर्ष आपोआप समोर येतं.

कुळं आपल्यासारखीच का, तर बऱ्याच अंगानं हो. १८व्या शतकात तीन जीवांची लीज असायची, म्हणजे करारात तीन माणसांची नावं घालायची आणि त्यातला शेवटचा मरेपर्यंत जमीन कुळाकडं, म्हणून लोक मुद्दाम लहान पोरांची नावं घालायचे. खंडाशिवाय कोंबड्या द्यायच्या, सुगीला मालकाच्या शेतात राबायचं, दळण मालकाच्याच गिरणीत, अशा अटी सुद्धा सापडतात. पुढं १९व्या शतकात ही लांब मुदतीची लीज मागं पडली आणि बहुतेक कुळं वर्षाच्या बोलीवर आली, नोटीस दिली की घर-जमीन दोन्ही गेलं. १८६८च्या निवडणुकीत हेच झालं, मतदान उघड असायचं, मालकाच्या मनाविरुद्ध लिबरल पक्षाला मत दिलं म्हणून कार्डिगनशायर, कार्मार्थनशायरमधल्या कुळांना जमिनीवरनं काढलं. त्यावर पार्लमेंटमध्ये आवाज उठला आणि १८७२ला गुप्त मतदानाचा कायदा झाला. मला हे वाचून फार वाईट वाटतं, कारण रजिस्टरात यातलं काही नसतं हो, नुसतं जुनं नाव जाऊन नवं नाव आलेलं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की इस्टेटीचं दप्तर हे मालकाच्या कचेरीत, एजंटच्या म्हणजे मालकाच्या कारभाऱ्याच्या हातानं लिहिलेलं आहे, कुळाची बाजू दुसरीकडं शोधायला लागते. १८९३ला वेल्सच्या जमिनींसाठी रॉयल कमिशन म्हणजे सरकारी चौकशी आयोग नेमला, त्याचा रिपोर्ट १८९६ला आला, त्या कमिशनसमोर मालकांबरोबर कुळांनी पण साक्षी दिल्यात आणि त्या छापलेल्या आहेत. त्या आणि एजंटची पत्रं शेजारी ठेवून वाचायची. शिवाय १८३६च्या कायद्यानंतर झालेले टाइथचे, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्श्याच्या आकारणीचे, नकाशे आहेत, शेताशेताला नंबर, मालक कोण, कसणारा कोण, क्षेत्र किती, सगळं. तुम्हाला तर पीकपाहणीच वाटेल. ॲबरिस्टविथच्याच नॅशनल लायब्ररीनं ते फुकट ऑनलाइन ठेवलेत, सोलापुरात बसून उघडतील.

मोठा फरक शेवटी आहे. आपल्याकडं १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनानं कुळाला कायद्यानं मालक मानलं, कुळकायद्याच्या कलम ३२-ग च्या केसेस तुम्ही बघितल्याच असतील. तिथं तसा कायदा झाला नाही, पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या इस्टेटी विकायला निघाल्या आणि कितीतरी कुळांनी कर्ज काढून आपलीच शेतं विकत घेतली.

प्रश्न : आमच्या अक्कलकोटच्या वाड्यात माळ्यावर खंडाच्या पावत्या आणि बटईच्या वह्या निघाल्यात. लॅमिनेट करून ठेवू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप पण नको. गठ्ठे ज्या क्रमानं बांधलेत तसेच राहू दे, क्रम मोडला की कुठली पावती कुठल्या वहीची ते कळत नाही. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा, उजेडात एकेका पानाचा फोटो घ्या, कोरी पानं आणि पाठीमागचं लिखाण सुद्धा. मोडी असेल तर वाचता येणारा माणूस मिळेपर्यंत अंदाजानं काही लिहू नका, आणि पत्र्याच्या पेटीत ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी एकदा उघडून ओल बघा.