दहावा माणूस

“सभेत पुतणीशी वाजलं. तीन महिने झाले, शुक्रवार संध्याकाळी सिनेगॉगची पायरी चढवत नाही. मत पटत नसेल तर जाणंच सोडावं का हो?”

असं विचारणारे माझ्याकडे समुपदेशनाला बरेच येतात, देऊळ-मंडळातले, सोसायटीतले. हे काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, बँकेतून निवृत्त झालेले; सिनेगॉग हे त्यांचं प्रार्थनास्थळ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

भांडण होतं मिन्यानचं, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या किमान संख्येचं. सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात आणि जुन्या रिवाजाप्रमाणे ते दहाही पुरुषच. निम्मी घरं इस्रायलला गेलेली, त्यामुळे दहा जमवताना दमछाक. पुतणी म्हणाली, बायकांनाही मोजा. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्येच उदारमतवादी ज्यूंची संघटना उभी केली, मग आपण कुठे अडलोय? काका भर सभेत ओरडले, “उद्या हजानही बाईच आणा!” (हजान म्हणजे प्रार्थना चालवणारा.) ती रडत उठून गेली.

मी सहज विचारलं, “तुम्ही जात नाही, तर आता किती जमतात?”

काका चष्मा पुसत बसले. बराच वेळ. मग म्हणाले, “नऊ.”

पुढच्या खेपेला पुतणीला घेऊन आले. मागे काकांनीच मला तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली गोष्ट सांगितली होती: हिल्लेल आणि शम्माय या दोन पंथांचा वाद तीन वर्षं चालला. दोघांचंही म्हणणं देवाचंच, पण आचरणात हिल्लेलचं मत धरलं गेलं, कारण ते लोक शम्मायचं म्हणणं आधी सांगायचे, मग स्वतःचं. मी म्हटलं, तेच करू. तिचं म्हणणं तुम्ही सांगा, ती ‘हो’ म्हणेपर्यंत.

“हिला आधुनिक व्हायचंय.”

“नाही, काका.”

“रिवाज मोडायचेत.”

“नाही.”

तिसऱ्यांदा ते थांबले. तिचे बाबा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, गेल्या वर्षी वारले. तिला भाऊ नाही. वर्षदिन जवळ आला होता आणि दहा जमले नाहीत तर कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही.

“दादाचं कद्दिश राहील, म्हणून?”

ती नुसतीच मान हलवत राहिली. (इथे मी गप्प बसले. सल्ला द्यायची खाज आवरणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड.) मग तिने काकांची बाजू सांगितली: एवढ्या कमी माणसांत नियमही सैल केला, तर आपलं म्हणून काय उरेल, ही भीती. ते पहिल्याच फटक्यात बरोबर आलं.

मन कुणाचंच बदललं नाही, आणि ते बदलणं माझं कामही नव्हतं. सभेतल्या त्या वाक्याची माफी मात्र काकांनी मागितली, सभेतच.

वर्षदिनाला दहा जमले. कद्दिश काकांनी म्हटलं, तिचं ‘आमेन’ मागून मोठ्याने आलं. घरी मलिदा होता. गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा डबा माझ्याकडेही आला.

ठराव पुढच्या सभेत पुन्हा येतोय. काका विरोधातच मत देणार आहेत.