पॅनेलआधी साचा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. जुन्या आरएक्स 100 मोटारसायकलसाठी आपल्या मनासारखं साइड पॅनेल फायबरमध्ये घरीच करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. रेझिन, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणारा द्रव, कुठलं आणि मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, किती, असं विचारलं आहेस. तेही सांगतो. पण पॅनेल कसं निघणार हे रेझिनचा डबा उघडण्याआधीच ठरलेलं असतं. साच्यावर जे असेल ते सगळं पॅनेलवर उतरतं, अगदी बोटाचा ठसासुद्धा. म्हणून तुझा निम्म्याहून जास्त वेळ आकार घडवण्यात आणि घासण्यात जाऊ दे.

मूळ आकार पीयू फोममध्ये कोर. थर्मोकोल घेऊ नकोस, रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवून टाकतं. कडांना किंचित उतार ठेव. भिंती सरळ उभ्या किंवा आत वळलेल्या असल्या की पॅनेल साच्यात अडकून बसतं. कोपरे बोटाने गोलसर वाटले पाहिजेत, कारण टोकदार कोपऱ्यात मॅट बसत नाही आणि मागे हवा राहते. फोमवर लांबी (पुट्टी) भर, घास, प्रायमर मार. मग 220 नंबरपासून 1000 नंबरपर्यंत वॉटर पेपर आणि शेवटी टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, पेंट. साध्या स्प्रे कॅनचा रंग जेलकोटखाली, म्हणजे रेझिनच्या सगळ्यात बाहेरच्या गुळगुळीत थराखाली, सुरकुततो. पेंट पूर्ण वाळला की वॅक्सचे चार-पाच हात दे, प्रत्येक हातानंतर तासभर थांब. त्यावर पीव्हीएचा, म्हणजे चिकटू न देणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या द्रवाचा पातळ थर.

एकाच पॅनेलसाठी साचा कशाला, थेट फोमवरच मॅट लावू, असं अनेक जण सांगतील. माझं मत उलट आहे. तसं केलंस तर खडबडीत बाजू बाहेर येते आणि पुढे लांबी भरण्यातच जीव जातो. मूळ आकारावर जेलकोट आणि मॅट चढवून आधी साचा कर, मग त्या साच्याच्या आत पॅनेल. साचा पॅनेलच्या दुपटीहून जाड कर. सगळे थर एका बैठकीत चढवू नकोस, उष्णता वाढून साचा वाकतो.

आता रसायनं. इथे माझं शब्दशः ऐक. रेझिन, ते लवकर धरावं म्हणून घालायचा कोबाल्ट आणि ते कडक करणारा हार्डनर अशा तीन वस्तू मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. म्हणून कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन माग आणि कोबाल्टची वेगळी बाटली घरात आणूच नकोस. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे मोजतानाही गॉगल हवा. तरी गेलाच, तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टर. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क घे. काम गच्चीवर सावलीत कर, जवळ गॅस किंवा निरांजन पेटलेलं नको.

तुझं पॅनेल साधारण 30 बाय 40 सेंटिमीटरचं. चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे दोन थर म्हणजे सुमारे 110 ग्रॅम मॅट, आणि तिला दुपटीहून थोडं जास्त, म्हणजे 250 ग्रॅमच्या आसपास रेझिन. हार्डनर एक ते दोन टक्के. 100 ग्रॅम रेझिनला दीड ग्रॅमपासून सुरुवात कर. अंदाजाने ओतू नकोस, सिरिंज किंवा छोटा डिजिटल काटा वापर. एका वेळी 100 ग्रॅमच कालव, डब्यात जास्त राहिलं की ते स्वतःच तापून धूर सोडतं. आधी काचेच्या तुकड्यावर वॅक्स लावून तळहाताएवढा नमुना कर. तुझ्याकडच्या हवेत रेझिन किती वेळात धरतं, हे त्यावरूनच कळेल.

जेलकोट अर्धा मिलिमीटर जाड लाव. बोट टेकवल्यावर चिकट लागला पण बोटाला रंग आला नाही, की मॅटची वेळ झाली. त्याआधी मॅट घातलीस तर जेलकोट मगरीच्या कातडीसारखा आक्रसतो. मॅट कात्रीने कापू नकोस, हाताने फाड. फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि जोड दिसत नाही. ब्रश रंग लावल्यासारखा ओढू नकोस, टोकाने ठोकत जा. पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होते. जिथे पांढरं दिसतं तिथे रेझिन कमी आहे, जिथे चंदेरी ठिपका आहे तिथे हवा अडकली आहे. तो ठिपका रोलरने कडेपर्यंत रेटत ने. कोकणातल्या बंदरांवर फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर हेच करतात. संधी मिळाली तर एक दिवस तिथे नुसतं उभं राहून त्यांचे हात बघ.

रेझिन चामड्यासारखं झालं की कडा कटरने छाट, पूर्ण कडक होऊ देऊ नकोस. नंतर ग्राइंडर लावावा लागला तर धुळीचा मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण काचेची धूळ अंगाला फार खाजते. पॅनेल साच्यातून काढायला रात्रभर तरी थांब. मग प्लास्टिकची पाचर कडेला सरकवून फटीत कोमट पाणी सोड, पीव्हीए विरघळतो. स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको.

मूळ आकार घासून झाला की बाजूने ट्यूबलाइटचा उजेड पडेल असा त्याचा फोटो पाठव. तो पाहिल्याशिवाय वॅक्सचा डबा उघडू नकोस.

तुझा,
काका