रात्रीच्या वर्गाचा खर्च कुणी करायचा?

प्रश्न : ताई, मी धारूर तालुक्यातल्या एका लहान गावची. बारावी झालेली आहे, बचतगटाचा हिशेब मीच लिहिते. शाळेतल्या सरांनी माझं नाव ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरतेच्या सरकारी योजनेत स्वयंसेवक म्हणून ॲपवर टाकलं. तेव्हापासून जेवणं उरकली की आमच्या ओसरीवर बाया शिकायला येतात. वह्या, पेन्सिली, बल्ब, सगळं माझ्या पदरचं. घरचे म्हणतात, सरकारचा पैसा मधल्या मधे कुणीतरी खातंय. खरंच तसं आहे का? आणि दसरा झाला की निम्म्या बाया उसाच्या तोडीला जातात, साक्षरतेची चाचणी मात्र मार्चमध्ये. मी काय करू?

उत्तर : आधी घरच्यांच्या शंकेबद्दल बोलते. ती गावोगावी ऐकू येते, आणि तिच्यापायी सरांशी उगाच वाकडं येतं. तुमच्या वर्गाचा पैसा कुणी खाल्ला असं म्हणायच्या आधी, तो ठेवला होता किती ते बघा. नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे आपला उल्लास, २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी मंजूर झाला. तरतूद १,०३७.९० कोटी रुपयांची. त्यात केंद्राचे ७०० कोटी, बाकीचे राज्यांचे. ज्यांना शिकवायचं ती माणसं देशभरात ५ कोटी. भागाकार करा. माणशी साधारण २०८ रुपये येतात. प्रशिक्षण, साहित्य, चाचणी, सगळं त्यातच. शिकवणाऱ्याला मानधन नाही, हे योजनेतच लिहिलेलं आहे.

याआधीच्या ‘साक्षर भारत’शी ताडून पाहा. ती ८ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली आणि ३१ मार्च २०१८ ला बंद झाली. तिची तरतूद होती ६,५०२.७० कोटींची, उद्दिष्ट ७ कोटी माणसांचं. म्हणजे माणशी नऊशेच्या वर. ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र आणि ते चालवायला दोन प्रेरक, प्रेरकाला महिन्याला २,००० रुपये. फार नव्हतेच ते. पण या कामाला माणूस लागतो आणि माणसाला पैसे लागतात, एवढं तरी सरकारने मान्य केलं होतं. आता तेही नाही. दिवसभर राबून आलेली बाई रात्री दुसऱ्या बायांना शिकवते आणि पेन्सिलीही तिनेच आणायच्या, याला सेवाभाव म्हणून टाळ्या वाजवणं मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या चारपैकी तीन स्त्रिया साक्षर होत्या. आपल्या मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यात हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपासच होतं. मराठवाड्याची ही तूट २०८ रुपयांत भरून निघायची नाही.

मूळ अडचण कायद्यात आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेच्या कलम २१-क नुसार ६ ते १४ वयाच्या लेकरांना आहे. त्यापुढच्या माणसाला तो हक्क नाही, त्याच्यासाठी फक्त योजना. तिची मुदत संपली की ओसरीवरच्या बाया कुठे जाणार, हे सांगायला सरकार बांधील नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या निधीतूनही गावाच्या आराखड्यात असं काम घालता येतं. ते आपोआप कुणी घालत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी लागते. त्या सभेत बचतगटाच्या नावाने लेखी मागणी द्या. ‘साक्षरता वर्गास मदत करावी’ असं मोघम लिहू नका. वह्या किती, पाट्या किती, दिवा कुठे, सतरंजी केवढी, एकूण रक्कम किती, सगळं मांडा. ठरावाला सूचक आणि अनुमोदक ग्रामसभेच्या आधीच ठरवून ठेवा, आणि इतिवृत्तात ठराव चढला की त्याची नक्कल सही-शिक्क्यासह मागून घ्या. नक्कल हातात नसेल तर पुढच्या सभेला तो ठराव कुणाला आठवत नाही, हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. ओसरीऐवजी शाळेची किंवा समाजमंदिराची खोली रात्री उघडून मागा, म्हणजे विजेचा भारही घरावरून उतरेल.

यादीत चष्मे आवर्जून घाला. बाई ‘मला जमत नाही’ म्हणते तेव्हा पुष्कळदा तिला चाळिशी लागलेली असते. पुस्तक हातभर लांब धरत असेल तर शिकवणं थांबवा आणि आधी तिला ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायला न्या.

तोडीचं तर फारच महत्त्वाचं. २०२४ मध्ये आपल्याकडे ही चाचणी १७ मार्चला झाली. बीड जिल्ह्यातली तोडकरी बाई त्या दिवसांत कुठे असते, हे तारीख ठरवणाऱ्यांना माहीत नसेल असं नाही. पण ज्या जिल्ह्यातून दरवर्षी टोळ्याच्या टोळ्या कोयता घेऊन बाहेर पडतात, तिथे मार्चची एकच तारीख धरून चालणार नाही. त्या बायांसाठी पावसाळ्यात चाचणी घ्या, किंवा कारखान्याच्या भागातल्या शाळेत त्यांची बसायची सोय करा, असा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. खाली बायांच्या सह्या घ्या. वर्गात येतात त्या अंगठा देणार नाहीत. तुमच्यापुरतं वेळापत्रक असं लावा : टोळ्या परतल्या की अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरुवात, पेरणीच्या दिवसांत सुट्टी, मग दसऱ्यापर्यंत रोज. चाचणी १५० गुणांची असते; वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०.

तोडकरी बायांना संख्या आधी शिकवा, बाराखडी मागून येऊ द्या. सांगलीकडच्या एका फडाशेजारच्या खोपीत एका बाईने मला वजनाच्या दोन पावत्या दाखवल्या होत्या. एकीवर १.८४० टन, दुसरीवर १.४८०. तिला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या, आणि त्यात तीनशे साठ किलो ऊस. टपालाच्या पाकिटातून पावत्या काढताना कोयत्याने घट्टे पडलेली तिची बोटं थरथरत होती. टोळीच्या मुकादमाला विचारायची तिला भीती वाटत होती. तुमच्या वर्गात धडा म्हणून जुन्या पावत्या आणा. उचल म्हणून आगाऊ घेतलेले पैसे किती, फिटली किती, उरली किती, ही वजाबाकी बाई स्वतः करील तेव्हा तिला शिकायला या म्हणून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : मी मंठा तालुक्यातली. वय ३८, मालक वारले, दोन लेकरं आहेत. शिक्षण सहावी पास. दहावी करायची आहे. उल्लासमध्ये नाव घालू का? एक जण म्हणतो, पैसे दिले तर घरबसल्या प्रमाणपत्र आणून देतो.

उत्तर : ताई, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. उल्लास तुमच्यासाठी नाही. ज्यांना मुळात लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र म्हणजे दहावी नव्हे. तुम्ही बाहेरून दहावीला बसायचा, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरा. पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण, एवढं पुरतं, म्हणजे तुम्ही बसता. अर्ज आणि शुल्क ऑनलाइन असतं. शाळा सोडल्याचा दाखला जुन्या शाळेतून काढा. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. पावसाळ्यात शाळा सुरू झाल्या की जवळच्या हायस्कुलात फॉर्मच्या तारखांची चौकशी करत राहा, कारण मुदत उलटली की वर्ष जातं. वर्ग मिळत नाही, फक्त परीक्षा मिळते, हा यातला मोठा उणेपणा आहे. म्हणून गणित आणि इंग्रजीसाठी गावातली कुणी शिकलेली मुलगी आजच गाठा. पाचवीसुद्धा झालेली नाही अशी मैत्रीण असेल, तर तिच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा आहे.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यात साक्षर भारतमध्ये प्रेरक होतो. शेवटचे कित्येक महिने मानधन मिळालं नाही. आता तेच लोक म्हणतात, उल्लासमध्ये फुकट स्वयंसेवक व्हा. नाही म्हटलं तर गावाच्या कामाला नाही म्हटल्यासारखं वाटतं.

उत्तर : भाऊ, वाटून घेऊ नका. तुम्ही काम केलं, त्याचा मोबदला ठरलेला होता आणि तो मिळाला नाही. हे येणं आहे. पुढे शिकवायचं की नाही हा वेगळा प्रश्न, आणि पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याला ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी असाक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. मला ते चुकले असं वाटत नाही. शाळा सांभाळून हे काम उरकता येत नाही, त्याला वेगळा, पगारी माणूसच हवा. तो माणूस तुम्ही होतात.

थकबाकीसाठी जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (योजना) यांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. निरंतर शिक्षणाचं जुनं काम आता तिथेच आहे. महाराष्ट्रात या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, म्हणून आपली कहाणी लिहू नका. एवढंच विचारा : अमुक गावच्या प्रेरकाच्या मानधनासाठी कोणत्या वर्षी किती रक्कम आली, किती वाटली, किती परत गेली, आणि माझ्या नावे शेवटची रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नको. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. जमलं तर तालुक्यातल्या जुन्या प्रेरकांनी एकाच दिवशी आपापले अर्ज द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या.