हरणं मोजायला निघालेल्या मुलीला

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात हरणांचा अभ्यास करायला प्रवेश मिळाला याचा आनंद एका ओळीत उरकलास आणि उरलेलं सगळं पत्र घरच्या बोलण्यावर घालवलंस. ‘हरणं मारणाऱ्यांमध्ये जाऊन शिकणार काय?’ असं आई विचारते म्हणतेस. नौपाड्यातल्या घरात हा प्रश्न येणारच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या चितळाला मारलं तर तुरुंग आहे, आणि ते तसंच राहायला हवं असं माझं ठाम मत आहे. येऊरला बिबट्या अजून त्याचं काम करतो. पेनसिल्व्हेनियातले लांडगे आणि प्यूमा एकोणिसाव्या शतकातच संपवले गेले. अस्वलं, लांडग्यासारखे कोयोटी पाडसं उचलतात. पण वाढलेली हरणं आवरायला मुख्यतः माणूसच उरलाय. शिवाय तिथे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि तो पैसा १९३७च्या कायद्यानुसार राज्यांकडे वन्यजीवांच्या कामासाठी जातो. आईला हे सांगून बघ. पटलं नाही तर वाद घालू नकोस.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘हरणं जास्त झालीत की कमी, हे ठरवायचं कसं?’ असं तू विचारलंयस. माझं सांगणं एवढंच, की हरणं किती हे विचारण्याआधी त्यांच्यावर शिकारीचा दाब कुठे, कधी आणि कुणावर पडतोय ते विचार. ते कळल्याशिवाय कुठलाही आकडा हातात घेऊ नकोस.

तिथला इतिहास यासाठीच वाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या राज्यात हरीण जवळजवळ दिसेनासं झालं होतं. १९०६पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९०७मध्ये मादी मारायला बंदी घातली. कळप सावरला, नुसता सावरला नाही, जंगलाच्या जिवावर उठला. पण ‘मादीवर गोळी झाडायची नाही’ हे आजोबांनी नातवाला शिकवलेलं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी कळप घटत नाही. पोटभर चारा मिळालेली मादी बहुतेक वेळा जुळी देते. झालं असं, की माद्या वाढत राहिल्या आणि नरांपैकी बहुतेक जण दीड वर्षाचे होतात न होतात तोच पहिल्या शिंगांसकट मारले जात.

२००२मध्ये नियम बदलला. राज्याच्या बहुतेक भागांत एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं असल्याशिवाय नर मारायचा नाही, पश्चिमेकडे चार. त्याच सुमारास माद्यांचे परवाने वाढवले, आणि नर-मादींच्या शिकारीचा हंगाम एकत्र केला. राज्याच्या हरीण-व्यवस्थापनाचा प्रमुख असलेल्या गॅरी अल्ट नावाच्या जीवशास्त्रज्ञाने गावोगाव फिरून सभा घेतल्या आणि हे का करायचं ते समजावलं. लोक चिडले. आयुष्यभर एका जागी बसून दहा हरणं बघणाऱ्याला दोनच दिसू लागली, तर तो कुणाचं ऐकेल? अल्टने २००४च्या शेवटी पद सोडलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, कारण ऐकून घ्यायला तो स्वतः लोकांसमोर उभा राहिला. विस्कॉन्सिन राज्याचंही वाच. आधी मादी मारा, मगच नराचा परवाना, असा नियम त्यांनी १९९६पासून ठिकठिकाणी लावला होता. माद्या कमी करायला तो उपयोगी ठरला, पण शिकाऱ्यांना इतका नकोसा झाला की २०११मध्ये विधिमंडळाने तो काढून टाकला. कागदावर बरोबर असलेला नियम माणसांनी पाळला तरच नियम, हे तुला तिथे पदोपदी दिसेल.

‘हरणं दिसत नाहीत’ याचा अर्थ ‘हरणं नाहीत’ असा घेऊ नकोस. हंगामाच्या पहिल्या दिवशी बंदुका वाजल्या की हरीण आपला मुलूख सोडून सहसा लांब पळत नाही. त्याच मुलखातल्या दाट झुडपांत शिरतं, दिवसा हलत नाही, रात्री चरतं. शिकारी बहुतेक रस्त्याच्या जवळपास असतात, उभा चढ टाळतात. शिकारीला बंदी असलेला खासगी जमिनीचा एखादा तुकडा लागून असेल, तर तिथे गर्दी होते. म्हणजे एकाच डोंगरावर एका उतारावर दाब जबर आणि पलीकडे जवळजवळ शून्य. सरासरी काढलीस तर दोन्हीकडचं खोटं चित्र हाती येईल. येऊरला भटकी कुत्री आणि रात्रीचा गोंगाट ज्या बाजूला असतो, तिकडे चितळं उजेडी बाहेर येत नाहीत, हे तू माझ्याबरोबर पाहिलंयसच.

म्हणून झाडांकडे बघायला शीक. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते फांदी ओढून तोडतं आणि टोकाला चिंध्या राहतात. सशाने खाल्लेली फांदी सुरीने तिरकी कापल्यासारखी दिसते. ओकची रोपं गुडघ्याएवढी होण्याआधीच अशी फाटलेली असतील, खाली नुसता नेचाच माजला असेल, तर हरणं दिसोत न दिसोत, ती जास्त आहेत. कुंपण घालून राखलेले चौकोन तिथल्या जंगलांत आहेत. आत आणि बाहेर उभी राहून बघ.

हंगामात तुला कदाचित मांस कापून देणाऱ्यांच्या दुकानांत पाठवतील, मारलेल्या हरणांची डोकी तपासायला. थंडीत जबडा ताठरलेला असतो, तो उघडायचं हत्यार वेगळं मिळतं. गालाच्या बाजूने बॅटरी मारून पुढून तिसरी दाढ बघायची. दीड वर्षाच्या हरणाची ती बहुधा अजून दुधाचीच असते, तिला तीन उंचवटे. पडून नवी आली की दोनच. नियमाने कोवळे नर वाचले की नाही, हे त्या दाढेवरून कळतं. पहिल्या दिवशी पोटात ढवळेल. बाहेर जाऊन ये, पाणी पी, परत आत ये. दुकानाबाहेर रांगेत उभ्या शिकाऱ्याशी बोल. कुठे बसला होता, किती चढला, काय सोडून दिलं, हे विचार. त्याला तुझा तिरस्कार दिसता कामा नये. तो त्या डोंगरावर तुझ्याहून जास्त हिवाळे बसलाय.

आणखी एक. हरणांचा मेंदू पोखरणारा एक रोग आहे, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज). १९६७मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला, पेनसिल्व्हेनियात २०१२मध्ये. तो वयस्क नरांत जास्त सापडतो. म्हणून मिसुरी राज्याने रोगाच्या भागातून शिंगांच्या टोकांचा नियम उठवला. काल जो नियम योग्य होता तो आज नडू शकतो. तुझ्या प्रबंधाला विषय हवा असेल तर इथे शोध.

जाण्याआधी तिथल्या यंदाच्या शिकार-नियमांची पुस्तिका पूर्ण वाच, विभागवार नकाशासकट. रविवारी ये, आपण ती घेऊन बसू. आईलाही आण.

तुझे
सर
ठाणे